पाटीमागचं चुंबक

इंजिनाच्या नावाची पाटी मला सोफ्याखाली सापडली. उलटी करून पाहिली, तर मागे गोंदाचा वाळलेला ठिपका तेवढा होता. त्या ठिपक्यावर बसवलेलं चुंबक नव्हतं.

भुंगी माझ्या पायाशी बसून माझ्याकडे बघत होती. भुंगी म्हणजे माझी मुलगी. रांगताना सतत घशातून काहीतरी गुणगुणत असते म्हणून हे नाव पडलं, आणि आता खरं नाव लसीच्या कार्डावरच उरलंय. त्या क्षणी ती गुणगुणत नव्हती. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि खालच्या ओठाला जांभळ्या रंगाचा एक कण चिकटला होता.

मी तिला उचललं आणि तोंडात बोट घातलं. इवलेसे दात, जीभ, टाळू, गालांच्या आतली बाजू. ती मला चावली. काही लागलं नाही हाताला.

"बाबा!" मी ओरडले. "पाटीचं चुंबक कुठाय?"

माझे सासरे पुढच्या खोलीतल्या टेबलाशी होते. बाई गेल्यापासून पुढची खोली त्यांच्या कारखान्याची झाली आहे. बाई म्हणजे सासूबाई. त्यांच्या हयातीत हे सगळं माळ्यावर चालायचं. बाबा जुन्या बाजारातून वाफेच्या इंजिनांची वीतभर लांबीची मॉडेलं आणतात, त्यांचा मूळ रंग उतरवतात आणि ती नव्यानं रंगवतात. पण कुठल्याही खऱ्या रेल्वेच्या रंगात नाही. जगात कधीच नव्हती अशा एका कंपनीच्या रंगात. तिचं नाव खोरे रेल्वे. अंग राखाडी, कारण खोऱ्यातला कोळसा हलका, धूर फार. दुसरा कुठलाही रंग महिन्याभरात काळा पडला असता. हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की नवा माणूस मान डोलावतो.

खोरे रेल्वेला एक प्रतिस्पर्धीही आहे. बाबांचे मित्र जन्मभर विम्याच्या कचेरीत होते, रेल्वेशी त्यांचा संबंध तिकिटापुरता. तरी खिशात शिट्टी ठेवतात म्हणून त्यांना सगळे गार्ड म्हणतात. त्यांची किनारा रेल्वे. रंग जांभळा. दोघांनी इतकी वर्षं एकमेकांचे पूल पाडले, भाडी कमी केली, संप घडवून आणले, सगळं चहाच्या टेबलावर. आणि आता दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण ठरलं होतं. संयुक्त कंपनीचं पहिलं इंजिन राखाडी अंगाचं, जांभळ्या पट्ट्याचं. ते त्याच दिवशी संध्याकाळी गार्डकाका बघायला येणार होते.

नावाच्या पाट्या मात्र बदलत्या ठेवायच्या, असं कलम होतं. करार मोडला तर उगाच सगळं इंजिन पुन्हा रंगवायला नको. म्हणून बाबांनी शक्कल काढली होती. इंजिनाचं कवच पितळेचं. त्याच्या आतल्या बाजूला मसुराएवढं चुंबक चिकटवायचं, पाटीच्या मागे दुसरं. पाटी जवळ नेली की हवेतूनच टपकन जाऊन बसायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, छान आहे बाबा, पण ही एवढीशी चकती भुंगीच्या हाती लागायला नको. "अगं, टेबल उंच आहे," ते म्हणाले होते.

"पाटी इथं होती," आता ते टेबलाच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले. "वॉर्निश मारायचं म्हणून काढून ठेवली होती."

"भुंगी सोफ्याला धरून उभी राहते हल्ली. हात पुरतो तिचा तिथं."

"अगं, पडलं असेल चुंबक कुठंतरी. लोखंडाला चिकटलं असेल. बघू या." ते गुडघ्यावर बसले, मी बसले. सोफ्याचे पाय, दाराची बिजागरी, पंख्याची जाळी. मी भुंगीला काखेत धरून एका हातानं गालिचा उलटा केला. बाबा हळूहळू शोधत होते, चष्मा वरखाली करत, आणि मधेच "हे बघ" म्हणायचे तेव्हा मी झटकन वळायचे. एकदा गुंडी निघाली. एकदा वाळलेला वाटाणा.

"बाबा, मी दवाखान्यात चाललेय."

"अगं पण गिळलंय कशावरून?"

"नाही गिळलं कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला ओळखीची आहे. घरातल्या सगळ्यांकडे आहे ती. भुंगीच्या लंगोटात लाल रंग दिसला म्हणून मी तिला घेऊन पळाले होते, आणि डॉक्टरांनी शांतपणे विचारलं होतं, काल बीट खाल्लं होतं का? तेव्हापासून मी शिंकेला घाबरणारी ठरले. तरी बाबा उठले, चप्पल घातली. त्याआधी इंजिनावर काचेची हंडी झाकायला विसरले नाहीत. वॉर्निश ओलं होतं. धूळ बसली असती.

आमचे डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे बसतात. तरुण आहेत, समजूतदार आहेत, आणि मला बघितलं की त्यांच्या भुवया आपोआप मऊ होतात. चुंबक म्हटल्यावर मात्र त्या मऊ राहिल्या नाहीत.

"फोटो काढू या," ते म्हणाले. "एक असेल तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं, आपण लक्ष ठेवायचं. जास्त असतील तर गोष्ट वेगळी. आतड्याच्या दोन वळणांत दोन चुंबकं बसली की एकमेकांना ओढतात. मधली भिंत चिमटली जाते. भोक पडतं. मग वाट बघायची नसते, दुर्बिणीनं काढावी लागतात, आणि ती सोय माझ्याकडे नाही."

भुंगीला फोटोच्या थंड टेबलावर निजवलं. तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. मी तिचे हात धरले, बाबांनी पाय. पडद्यावर फोटो उमटला: बरगड्या, पोटातली हवा, आणि त्या हवेच्या कडेला पांढरीशुभ्र, वाटोळी टिकली.

म्हणजे खरंच होतं. मला खोटं ठरायचं होतं, त्या दिवशी पहिल्यांदाच.

"एक दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "एकच होतं ना, आजोबा?"

"एकच. पाटीला एकच असतं. मी स्वतः बसवलंय."

"बाजूनंही एक फोटो घेऊ या का?"

फोटो काढणारा म्हणाला, "साहेब, ही मासोळीसारखी उसळतेय. नीट यायचा नाही."

डॉक्टरांनी भुंगीकडे पाहिलं. रडून रडून ती निळीजांभळी झाली होती. मग बाबांकडे पाहिलं. "आजोबांना खात्री आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग राहू दे. उद्या सकाळी परत फोटो. उलटी झाली, पोट फुगलं, ताप आला, तर ताबडतोब फोन."

"पण डॉक्टर," मी म्हटलं, "दोन असती आणि एकावर एक चिकटलेली असती, तर समोरून एकच दिसलं असतं ना?"

"दिसलं असतं," ते म्हणाले. "पण दुसरं आणायचं कुठून?"

बाबा दारापर्यंत पोचले होते.

आम्ही घरी परतलो. फाटकाशी आल्यावर बाबा म्हणाले, "चूक झाली. टेबलाच्या कडेला ठेवायला नको होती." तेवढंच, पण म्हणाले. मी "हं" म्हटलं.

नवऱ्याचा फोन आला. तो कामासाठी बाहेरगावी होता, संध्याकाळच्या गाडीनं परतणार होता.

"एकच आहे ना? डॉक्टर म्हणाले ना एकच? मग झालं तर."

"झालं काय? तिच्या पोटात आहे ते."

"बाहेर पडेल गं. मी लहानपणी नाणं गिळलं होतं, विचार बाबांना. तू आता जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. जरा पाणी पी."

मी फोन ठेवला. भुंगीला मांडीवर घेऊन तिच्या पोटावर तळहात ठेवला. पोट मऊ होतं. पुन्हा ठेवला. मऊच होतं. ती माझ्या बांगडीशी खेळायला लागली, गुणगुणायलाही लागली, आणि तरी मला बरं वाटेना. एक आहे म्हणून सगळे निवांत झाले होते. त्या एकाला माझ्याच घरातल्या एका माणसाच्या शब्दाशिवाय काही आधार नव्हता.

दारात शिट्टी वाजली. गार्डकाका आत आले, काखेत खोका, चेहऱ्यावर स्वारीचा थाट.

"किनारा रेल्वेचं शिष्टमंडळ हजर आहे! कुठंय आमची..." आमचे चेहरे बघून ते थांबले. "काय झालं?"

बाबांनी सांगितलं. गार्डकाका खुर्चीच्या टोकावर बसले. शिट्टी खिशात घातली. भुंगीनं त्यांना बघून हात पसरले, तसा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"डॉक्टर म्हणालेत ना बाहेर पडेल?"

"म्हणालेत," बाबा म्हणाले.

"मग पडेल. किनारा रेल्वेचा माल कधी अडकून राहत नाही." कुणी हसलं नाही. त्यांनाही ते कळलं. हात मोकळे राहवेनात म्हणून त्यांनी टेबलावरची ती पाटी उचलली, रुमालाला पुसली, आणि बाबांच्या डब्यातून दुसरं चुंबक काढायला लागले.

"काका, डबा बंद करा आधी," मी म्हटलं.

"केला, केला." त्यांनी डबा स्वतःच्या खिशातच टाकला. पाटीमागे गोंदाचा नवा ठिपका, त्यावर चुंबक, वर हलकीशी फुंकर. बाबांनी हंडी उचलून बाजूला ठेवली. त्यांना करायला काहीतरी हवं होतं, मला ते समजत होतं; म्हातारी माणसं अशा वेळी हातांना काम देतात. इंजिन लाकडी ठोकळ्यावर टोपीसारखं बसवलेलं होतं, खालून पोकळ. राखाडी अंग ओल्या वॉर्निशखाली चमकत होतं. जांभळा पट्टा सरळ होता, त्याला केसभर सोनेरी कड होती. त्या कडेसाठी बाबांनी कितीतरी दुपारी श्वास रोखून घालवल्या होत्या.

मी स्वयंपाकघरातून भुंगीची दुधाची बाटली हलवत येत होते.

गार्डकाका चिमट्यात पाटी धरून इंजिनाच्या उजव्या बाजूला नेत होते. जवळ नेली. अजून जवळ.

"अरे चेअरमन, ही बसत का नाही?"

"उलट धरलीस. चुंबक फिरव. ढकलत असेल," चेअरमन म्हणजे बाबा म्हणाले.

"ढकलत नाहीये. ओढतही नाहीये." त्यांनी पाटी फिरवली. "बघ. अशीही नाही, तशीही नाही. आपल्या करारासारखीच लोंबकळतेय नुसती."

"हात थरथरतोय तुझा."

"माझा हात थरथरतोय? डावीकडे नेतो, बघ." त्यांनी पाटी डाव्या बाजूला नेली, आणि ती चिमट्यातून निसटून टपकन कवचाला जाऊन बसली.

मी बाटली टेबलावर ठेवली. भुंगीनं तिच्याकडे हात केला, मी ती मागे सरकवली.

"बाबा, उजवीकडे आत चुंबक आहे का?"

"आहे. दोन्हीकडे आहे."

"मग ती बसत का नाही?"

ते चष्मा वर करून कवचाकडे वाकले.

"रंग उतरवताना आतली चुंबकं काढली होती?"

"आतल्या बाजूला होती ती. रंग बाहेरचा काढायचा होता. काढायची काय गरज?"

"कवच कशात बुडवलं होतं?"

"नेहमीच्या द्रावात."

"चुंबकं कशानं चिकटवली होती?"

"त्या... पांढऱ्या गोंदानं. पाटी बदलायची, चुंबक बदलायचं, पक्का गोंद कशाला म्हणून..."

मी रसायनशास्त्र शिकले आहे, पण ते कळायला शिकावं लागत नाही. ज्या द्रावानं वर्षानुवर्षांचा रंग साल निघावी तसा सुटतो, त्यात गोंदाचा ठिपका टिकेल कसा? मी ते डोळ्यांपुढे आणत गेले. गोंद सुटला. तरी चुंबक पडलं नाही, कारण बाबांनी बाहेरून पाटी लावून ठेवली होती आणि पाटीमागच्या चुंबकानं त्याला पितळेच्या पलीकडून धरून ठेवलं होतं. आज वॉर्निशसाठी पाटी काढली. आतलं सुटलं, खालच्या वर्तमानपत्रावर पडलं. पडलेलं चुंबक एका जागी राहत नाही. शेजारी पाटी होती. ते तिच्या पाठीला जाऊन चिकटलं असणार, एकावर एक.

"दुसरं आणायचं कुठून," असं डॉक्टरांनी विचारलं होतं.

"आत असणार," बाबा म्हणाले. "थोडं सरकलं असेल. आतच असणार ते."

"बघायला हवं."

"ओलं आहे, सूनबाई," गार्डकाका हळूच म्हणाले. "ठोकळ्यावरून काढायचं तर अंगालाच धरावं लागेल. मी चिमट्यानं उचलू का?"

"चिमट्यानं उचललं जाणार नाही ते."

मी हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले.

मी थांबले नाही; पण त्यांचे हात माझ्याआधी पोचले. मला वाटलं, ते इंजिन माझ्यापासून दूर ओढताहेत. त्यांनी ते दोन्ही मुठींत गच्च धरलं, जिवंत काहीतरी पकडावं तसं. सोनेरी कड त्यांच्या अंगठ्याखाली चिरडली, जांभळा पट्टा बोटांवर आला. एका हिसक्यात त्यांनी कवच ठोकळ्यावरून उपटलं, उलटं केलं आणि खिडकीकडे धरलं.

मीही वाकून पाहिलं. डावीकडे चकती मऊ पडलेल्या गोंदात कशीबशी रुतून होती. उजवीकडे नासलेल्या दुधासारखा पांढरा लगदा होता, आणि त्याच्या मधोमध वाटोळा खळगा. रिकामा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाडी काढा, काका," मी म्हटलं.

डॉक्टरांना मी वाटेतच फोन लावला. पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत ते "हं, हं" करत होते. मग त्यांचा आवाज बदलला. "माझ्याकडे येऊ नका. सरळ मोठ्या रुग्णालयात जा, मी तिथं कळवतो. तिला काही पाजलंय का?"

"नाही. बाटली तयार होती. दिली नाही."

"थेंबही देऊ नका. आणि ऐका... बाजूचा फोटो मी घ्यायला हवा होता."

गार्डकाका गाडी चालवतात ती मालगाडीसारखी. प्रत्येक चौकात पुढे, मागे, पुन्हा पुढे बघायचं. हिरवा दिवा लागला तरी एक क्षण विश्वास नाही. एरवी आम्ही त्यावरून त्यांना छळतो.

"काका, चालवा ना!"

"चालवतोय पोरी, चालवतोय."

"इंडिकेटर कशाला दाखवताय? रस्ता रिकामा आहे!"

"बरं, बरं."

भुंगी माझ्या खांद्यावर पेंगायला लागली. तिची झोपेची वेळ झाली होती. की गळून गेली होती? मी तिच्या पायाला चिमटा काढला, ती कुरकुरली. थोड्या वेळानं पुन्हा काढला. पुढच्या सीटवर बाबा दोन्ही हात मांडीपासून वर उचलून बसले होते. रंग कुठंच टेकवता येत नव्हता. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण वरच्या आरशात त्यांचे डोळे मला दिसत होते. ते भुंगीवरून हलत नव्हते.

"कुरकुर करतेय ना?" त्यांनी आरशातच विचारलं.

"करतेय."

"करू दे."

पुलावर वाहनं तुंबली होती. गार्डकाकांनी खिडकीची काच खाली केली, खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. एकदा, दोनदा, जीव खाऊन. पुढचा ट्रकवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "काय आजोबा, गाडी सुटली का?"

"लेकरू आहे आजारी! सरक की बाबा!"

ट्रक सरकला. त्याच्यापुढचाही सरकला.

रुग्णालयात आमची वाट बघत होते. तिथली डॉक्टर वयानं माझ्या आईएवढी, बोलणं तुटक. तिनं बाजूचा फोटो घेतला. या वेळी भुंगीत उसळायचं त्राण नव्हतं, आणि ते मला आधीच्या रडण्यापेक्षा भयंकर वाटलं. पडद्यावर आता टिकली नव्हती. शेजारी शेजारी दोन पांढऱ्या रेघा होत्या, आणि त्यांच्यामध्ये नखाएवढीसुद्धा नाही अशी बारीक काळी फट.

"दोन आहेत," ती म्हणाली. "पोटातच आहेत, आतड्यात उतरलेली नाहीत. हे आपलं नशीब."

"ती फट कसली?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तेच बघायचंय. मधे पोटाचं अस्तर धरलं गेलं असू शकतं. शेवटचं काय आणि कधी खाल्लं?"

"दुपारी उठल्यावर अर्धं केळं आणि थोडं दूध. नंतर पाणीसुद्धा नाही."

"भूल द्यायला थोडा वेळ थांबावं लागेल. पण फार नाही थांबायचं." तिनं मला सही करायला कागद दिला. माझं अक्षर माझं वाटत नव्हतं.

भुंगीला आत नेलं तेव्हा तिनं माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं. परिचारिकेनं एकेक बोट सोडवलं. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर बाबा बसले होते, हात तसेच वर धरून. रंग वाळून बोटांच्या सांध्यांवर तडकला होता. गार्डकाका फोनवर माझ्या नवऱ्याशी बोलत दूर जिन्याकडे गेले होते: "हो रे, सूनबाईच्याच लक्षात आलं... तू ये, तू नुसता ये."

"मी एक म्हणालो," बाबा म्हणाले.

असू द्या बाबा, असं म्हणायला हवं होतं. घरातल्या सुनेनं म्हणायचं असतं ते. माझ्या जिभेवर ते आलं नाही.

"हो. म्हणालात."

त्यांनी मान हलवली. "डॉक्टरांनी दुसरा फोटो काढला असता. मी शंभर टक्के म्हणालो म्हणून नाही काढला."

"हो."

"मला वाटलं, तू नेहमीसारखी..."

"माहितेय बाबा."

समोरच्या भिंतीवर पाण्याच्या ओलीचा डाग होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि आतला प्रत्येक आवाज ऐकत राहिले. चाकाचं स्टूल सरकलं. धातूवर धातू वाजला. कुणीतरी हसलं, मला त्या हसणाऱ्याचा राग आला, मग वाटलं, हसतंय म्हणजे बरंच चाललंय. मग पुष्कळ वेळ काहीच ऐकू आलं नाही. बाबा उठून दारापर्यंत गेले, दाराला हात लावणार तोच रंग आठवून मागे घेतला, आणि परत येऊन बसले.

गार्डकाका परत आले. "मी घरी जातो," ते बाबांना म्हणाले. "तुझ्या सगळ्या पाट्या, सगळी इंजिनं, त्यातली चुंबकं काढून आणतो. नाही, आणत नाही. आमच्याकडच्या तिजोरीत टाकतो."

"माझीही आणि तुझीही," बाबा म्हणाले.

"माझीही. किनारा रेल्वेच्या पाट्या आता स्क्रूनं बसतील."

दार उघडलं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आली. तिच्या हातात झाकणाची पारदर्शक डबी होती. तळाशी काळपट चकतीवर चकती, एकमेकींना घट्ट धरून.

"निघाली. अस्तर चिमटलेलं होतं, लाल झालंय, जरासं सोललंय. भोक नाही. रात्री इथेच ठेवू, औषध देऊ. रडून उठेल, घाबरू नका." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "थोडं घाबरा. पण रडेल ती भुकेनं."

मी भिंतीला टेकले. मग मी विचारलं, "अजून एखादं नसेल ना?"

"आम्ही नीट बघितलंय."

"दुर्बिणीनं पोटात दिसलं. पुढे आतड्यात गेलेलं दिसलं नसतं."

"दोन होती, दोन निघाली."

"दोन होती तेव्हाही एकच आहे म्हणाले होते सगळे," मी म्हटलं. "मला आणखी एक फोटो हवाय. समोरून आणि बाजूनं."

डॉक्टरच्या चेहऱ्यावर ती नजर यायला लागली. मी ती येताना पाहिली. "हे बघा, बाळ आत्ताच भुलेतून..."

"काढा," बाबा म्हणाले. ते उभे राहिले होते. "ती म्हणतेय ना, मग काढा."

"आजोबा, गरज असती तर मीच..."

"गरज आहे की नाही ते मला कळत नाही. आज मला काहीच कळलेलं नाही. हिला कळलं. काढा. पोरीला धरायला मी येतो."

डॉक्टर परिचारिकेला काहीतरी म्हणाली, आणि बाबांच्या हातांकडे बोट दाखवलं. "आधी ते धुवा."

बाबा मोरीपाशी बराच वेळ हात घासत होते. साबणानं तो रंग निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. शेवटी परिचारिकेनं त्यांना हातमोजे घातले, वर किरणांपासून वाचवणारा शिशाचा जड झगा घातला, आणि ते आत गेले. काचेतून मला दिसत होतं: भुंगी अर्धवट जागी, घशातून तुटक तुटक गुणगुणत, आणि बाबा तिच्या खांद्यांवर हात ठेवून, तिच्या कानाशी काहीतरी बोलत. बाजूच्या फोटोला त्यांनी तिला कुशीवर वळवलं, अगदी हलकेच.

मग ते बाहेर आले. हातात दोन्ही फोटोंचा काळा कागद होता. तो त्यांनी दिव्याकडे धरला, जवळ नेला, लांब नेला, चष्मा काढून बघितला, घालून बघितला. मला त्यांच्या खांद्यावरून काही दिसत नव्हतं.

"बाबा?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"मी नाही सांगत," ते म्हणाले. "तू बघ."

मी दिव्याखाली जाऊन पाहिला. बरगड्या होत्या. मणके होते. पोटातली हवा होती. टिकली कुठंच नव्हती, रेघही नव्हती. मी समोरचा फोटो पाहिला, बाजूचा पाहिला, पुन्हा समोरचा पाहिला, आणि मग त्यांना सांगितलं.